महिला आरक्षणाची बाजू कशी मांडावी

ग्रामसभेत असो वा वक्तृत्व स्पर्धेत, महिला आरक्षणाचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो : "बाई नावापुरती, कारभार नवऱ्याचा." उत्तराची सुरुवात इथूनच करावी आणि असे पुष्कळ ठिकाणी घडते, हे आधी मोकळेपणाने कबूल करावे. मग स्वतः पाहिलेले सांगावे. मी पाहिलेल्या एका ग्रामसभेत टाकीच्या दुरुस्तीविषयी सरपंचबाईंना विचारले, तर उत्तर द्यायला त्यांचे यजमान उठले, मागून एक आजी म्हणाल्या, "तुम्ही बसा, सरपंचांना बोलू द्या." बाईंनी वही उघडली आणि कोणत्या वाडीला किती दिवसांआड पाणी येते, ते घडाघडा वाचून दाखवले. ती माहिती त्यांच्यापाशी आधीपासून होती; विचारणारे कोणी नव्हते.

यानंतर आकडे द्यावेत, पण मोजकेच. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. याउलट आरक्षणाविना झालेल्या २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे सातांत एकही पुरती नाही. "पक्षांनी आपणहून तिकिटे द्यावीत" असे म्हणणाऱ्यांसमोर हीच तुलना ठेवावी.

"आरक्षण उठले की बाई पुन्हा घरी" या आक्षेपाला उत्तर देताना पश्चिम बंगालमधील अभ्यासाचा आधार घ्यावा. तिथे सरपंचपद लागोपाठ दोनदा महिलांसाठी राखीव राहिलेल्या गावांत पुढे खुल्या जागांवरही अधिक महिला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

गुणवत्तेचा मुद्दा आला की अनेकजण अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतात. तो मोह टाळावा, कारण असामान्य स्त्रीचा दाखला दिला की सामान्य स्त्रीकडून असामान्यतेचीच अपेक्षा होते, आणि पुरुष सदस्याला ती अट कोणी घालत नाही.

शेवटी मागणी नेमकी ठेवावी. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती कधी झाली, किती जणी आल्या आणि काय ठरले, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारावे, आणि ते ठराव इतिवृत्तात आले आहेत का, हे सभेतून उठण्यापूर्वी पाहून घ्यावे.