शटर खाली, चूल चालू : सक्तीच्या बंदीत हॉटेल टिकवायचं कसं

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातल्या हॉटेलांत बसून जेवायला परवानगी मिळाली ती थेट 5 ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा फक्त पार्सल. बंदी साथीची असो, पुराची असो किंवा रस्ता खोदल्याची, सोलापुरातलं मध्यम हॉटेल गिऱ्हाईक नाही म्हणून लगेच बुडत नाही. ते बुडतं फ्रीजमध्ये कुजलेल्या मालाने आणि दर महिन्याला न चुकता येणाऱ्या खर्चाने. म्हणून कामाला सुरुवात माल आणि रोकड या दोन टोकांकडून करायची, मेन्यूचा विचार नंतर.

पहिले सहा तास : माल

आदेश आला की आधी फ्रीज-फ्रीझरमधला माल बाहेर काढून तीन ढीग करा: आज संपवायचं, गोठवायचं, वाटून टाकायचं. दूध, दही, पनीर, कोथिंबीर, चिरलेली भाजी पहिल्या ढिगात. कच्चं मटण-चिकन एक-एक किलोच्या चपट्या पिशव्यांत भरून, तारीख लिहून उणे 18 अंशांवर. पातेल्यासकट गोठवलं तर मधला भाग गार व्हायला रात्र जाते आणि तेवढ्यात वास धरतो. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही छान गोठते. बटाट्याची भाजी आणि दह्याचे पदार्थ गोठवू नका, सोडवल्यावर पाणी सुटतं. दुपारभर काउंटरवर राहिलेला रस्सा फ्रीझरमध्ये घालून वाचत नाही. तो टाकायचाच.

सगळा माल एकाच डीप फ्रीझरमध्ये आणून बाकीचे बंद करा. काठोकाठ भरलेला फ्रीझर झाकण न उघडता वीज गेल्यावर साधारण 48 तास तग धरतो, अर्धा भरलेला 24. आत एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. चार दिवसांनी आलात आणि नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मधे वीज गेली होती आणि माल वितळून पुन्हा गोठलाय. तो वापरायचा नाही.

बंद केलेला फ्रीज पुसून, दार चार बोटं उघडं ठेवून द्या, नाहीतर बुरशीचा वास रबराला कायमचा बसतो. गॅसबँकेचा (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांचा) मुख्य व्हॉल्व्ह बंद, पीठ-तांदूळ पत्र्याच्या डब्यांत, गटाराच्या जाळ्यांवर वजन. शटर पडलं की आठवड्यात उंदीर घर करतात.

किती दिवस पुरतील पैसे?

एका कागदावर शटर बंद असतानाही द्यावे लागणारे खर्च लिहा. समजा, भाडं 30,000, पगार 84,000, वीज 8,000, कर्जाचा हप्ता 22,000, किरकोळ 6,000. बेरीज 1,50,000, म्हणजे रोजचे 5,000. हातात दोन लाख असतील तर 40 दिवस. लग्नाच्या ऑर्डरची येणं असलेली उधारी यात धरू नका. बंदीत उधारी वसूल होत नाही, हिशेब मात्र फुगतो. हा आकडा दर सोमवारी नव्याने काढायचा.

देण्यांचा क्रम चुकला की वाचलेले दिवसही जातात. आधी कामगारांचा पगार, मग गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी (तो तुमचा नव्हताच), मग मार्केट यार्डातले भाजीवाले आणि मटणवाला यांना निम्मं का होईना. त्यांची उधारी हीच तुमची पुढची सुरुवात आहे. भाड्याचा नंबर यानंतर, आणि तो बोलून. विक्री शून्य असली तरी जीएसटीचं विवरणपत्र शून्याचं भरावंच लागतं, नाहीतर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क बसतं.

हप्त्याबाबत एक समज पक्का करा: हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट सवलत दिली, पण त्या काळातलं व्याज मुद्दलावर चढत राहिलं. रोकड असेल तर हप्ता भरा, नसेल तरच सवलत घ्या.

भाडं बंदीमुळे आपोआप माफ होत नाही. घरमालकाकडे हात जोडून जाण्यापेक्षा कागद घेऊन जा: आत्ता निम्मं, उरलेलं हॉटेल उघडल्यावर बारा हप्त्यांत. किंवा अनामतीतून दोन महिने वळते, अनामत पुढे भरून देऊ. काहीही ठरलं तरी दोन ओळी लिहून सही घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'बघू नंतर' हे कबूल झालेलं नसतं.

माणसं

आचारी गावाला गेला की परत येईलच असं नाही. कर्नाटकातल्या इंडी-विजापूरकडचा किंवा उत्तरेतला माणूस असेल तर आणखीच अवघड. त्याच्याशी मोकळेपणाने बोलून निम्मा पगार आणि शिधा ठरवा. माणशी महिन्याला ज्वारी 8 किलो, तांदूळ 3 किलो, डाळ दीड किलो, तेल एक लिटर, वर चहा-साखर. पाच माणसांचा शिधा घाऊक घेतला तर बराच स्वस्त पडतो, आणि घरच्यांचंही पोट भरतं म्हणून माणूस टिकतो.

चालू ठेवायचं ते काय?

मेन्यू आठ पदार्थांवर आणा. डोसा, भजी, तंदुरी रोटी डब्यात अर्ध्या तासात मऊ पडतात, ती काढा. ठेवा भात, आमटी, शेंगाभाजी, पिठलं, मटण रस्सा, भाकरी असे पदार्थ. रस्सा आणि भाकरी वेगळे डबे. डबा वरून एक बोट रिकामा ठेवून भरा, काठापर्यंत भरलेला रस्सा मोटारसायकलवर बाहेर येतोच. भरताना पदार्थ 65 अंशांच्या वर गरम हवा. वर्तमानपत्रात काही बांधू नका, शाई अन्नात उतरते.

अ‍ॅपवरच्या ऑर्डरीचा हिशेब एकदा हाताने करा. समजा 200 रुपयांची ऑर्डर, 25 टक्के कमिशन म्हणजे 50, त्यावर 18 टक्के जीएसटी 9. माल 70, पॅकिंग 12. हाती 59. तीच ऑर्डर फोनवर आली आणि पोराला पोचवायचे 25 दिले, तर 93. त्यामुळे अ‍ॅपच्या प्रत्येक पार्सलमध्ये फोन नंबरची चिठ्ठी टाका आणि स्वतःची पोरं चार-पाच किलोमीटरच्या आतच फिरवा.

महिन्याचा डबा यापेक्षा भरवशाचा. गिऱ्हाईक 15 दिवसांचे पैसे आधी देतं, माल नेमका तेवढाच आणता येतो. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या रुग्णांच्या नातेवाइकांना बंदीतही रोज जेवण लागतंच, तिथे डबे पोचवायची परवानगी आधी घ्या. आगाऊ कूपन विकायचं असेल तर 10 टक्के जास्तीचं जेवण द्या, 30 नव्हे, आणि एकूण रक्कम एका महिन्याच्या भाड्यापुढे जाऊ देऊ नका. कूपन म्हणजे कमाई नसून कर्ज आहे.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी

सोलापूरकराच्या हाती असा माल आहे जो मुळातच टिकायला आणि प्रवासाला बनलाय, याचा फायदा न घेणं म्हणजे कमालच. पुण्या-मुंबईतल्या सोलापूरकरांना तो पार्सलने जातो.

मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ, गरम पाण्यात मळून, तीळ लावून पातळ थापा. एक किलो पिठाच्या 16 ते 18 भाकऱ्या होतात. नेहमीसारखी भाजून मग मंद तव्यावर फडक्याने दाबत राहा. फुगू द्यायची नाही, दोन्ही बाजू कोरड्या खडखडीत होईपर्यंत. कडा जाड राहिल्या तर तिथे ओल उरते आणि चार दिवसांत बुरशी येते. गरम असताना पिशवीत भरलीत तर वाफेने मऊ पडते, म्हणून दोन तास पूर्ण गार करून मगच सील. चांगली वाळलेली महिनाभर राहते.

चटणीसाठी भाजून सोललेले शेंगदाणे 1 किलो (कच्चे सव्वा किलोच्या आसपास घ्या, कारण साल, ओल आणि निवड यांत घट येते), तिखट 90 ग्रॅम, लसूण 90 ग्रॅम, मीठ 32 ग्रॅम, जिरं 15 ग्रॅम. काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे हाताने निवडा, त्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. लसूण कोरडा परतून घ्या, ओला घातला तर चटणी लवकर खवट होते. मिक्सर एकसारखा फिरवलात तर दाणे तापून लगदा होतो, दोन-दोन सेकंद थांबून फिरवा. उखळात कुटलेली तेल सोडते आणि जिभेवर वेगळी लागते, याला पर्याय नाही. मे महिन्यात 42-43 अंशांना बरणी उन्हात ठेवू नका.

पाकिटावर नाव, घटक, वजन, बॅच, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, शाकाहाराची हिरवी खूण आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवान्याचा क्रमांक हवा. हॉटेलच्या परवान्यात पॅकबंद मालाचा प्रकार नसेल तर तो आधी जोडून घ्या.

उघडायच्या आधी

तारीख कळली की चार दिवस हाताशी ठेवा. गॅसच्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. पाण्याची टाकी उपसून घासा, नळ पाच मिनिटं सोडून द्या, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी) साफ करा. एक आठवड्याच्या मालाचे पैसे बंदीतही वेगळे राखलेले असले पाहिजेत. ते नसतील तर पूर्ण मेन्यू न उघडता तेच आठ पदार्थ पंधरा दिवस चालवा, आणि पहिल्या दिवशी निम्माच माल आणा.