ड्रिल चार्जिंगला लावण्याआधी स्क्रूचं डोकं बघा

रविवारी शेल्फ ठोकायचं किंवा कपाटाची बिजागरी बदलायची असेल, तर तयारी शनिवारीच करा. दुकानात आपण '8 नंबर, दीड इंची', म्हणजे स्क्रूची जाडी आणि लांबी, एवढंच सांगतो. डोकं कसलं हवं ते दुकानदारही विचारत नाही, आणि मग अर्धा कसलेला स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो.

म्हणून आधी जी वस्तू बसवायची तिचं भोक पाहा. बिजागरीला असतो तसा भोकाच्या तोंडाशी उतार असेल, तर सीएसके (काउंटरसंक) डोकं घ्या: वरून सपाट, खाली निमुळतं. पत्र्याच्या पट्टीला साधं भोक असेल तर पॅन हेड, म्हणजे खालून सपाट डोकं. तिथं सीएसके घातला की तो पाचरीसारखा शिरतो आणि पट्टी वाकते. जिप्सम बोर्डाला काळे ड्रायवॉल स्क्रू. त्यांचं डोकं खालून कर्ण्यासारखं वळलेलं असल्यानं बोर्डाचा कागद फाटत नाही. पण स्वस्त पडतात म्हणून तेच शेल्फला लावू नका. ते कडक असतात, वाकण्याऐवजी तुटतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात गंजतात. गच्चीवरच्या पत्र्याला षटकोनी डोकं आणि रबरी वायसर.

मग डोक्यावरची खाच. खरी गडबड इथंच होते. दुकानात 'स्टार' म्हणून मिळतो तो बहुधा फिलिप्स, म्हणजे फुलीच्या खाचेचा. हेन्री फिलिप्स यांनी 1936 मध्ये त्याची पेटंटं मिळवली. मोटारींच्या कारखान्यात यंत्राचं बिट (खाचेत बसणारं टोक) झटकन मधोमध बसावं, यासाठी ही फुली सोयीची ठरली. तिच्या भिंती मात्र तिरप्या, त्यामुळे जोर लावला की बिट वर सरकतं आणि खाच गुळगुळीत होते. पोझिड्राइव्ह तसाच दिसतो, फक्त फुलीच्या कोपऱ्यांत चार बारीक रेघा असतात. त्याच्या भिंती सरळ, पकड चांगली. किचन ट्रॉलीच्या बिजागऱ्यांसोबत हेच स्क्रू बऱ्याचदा येतात आणि आपण त्यांना फिलिप्सचं बिट लावून वाट लावतो. तेव्हा पीएच2 (फिलिप्सचं) आणि पीझेड2 (पोझिड्राइव्हचं), दोन्ही बिटं वेगवेगळी घेऊन ठेवा. 8 नंबरला हीच चालतात. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स मिळाला तर माझं मत त्यालाच. महाग पडतो, पण घसरत नाही. कॅनडातल्या मंडळींना चौकोनी खाचेचा रॉबर्टसन ठाऊक असेल, इथं तो शोधत बसू नका. एका चिरेचा स्क्रू जुन्या दारांच्या पितळी बिजागऱ्यांपुरता ठेवा, आणि तोही हातानंच पिळा.

बिट जुळतं का, हे काउंटरवरच तपासा: स्क्रूत घालून हलवा. डुगडुगलं तर दुसरं मागा. घासलेली बिटं फेकून द्या, ती पुढच्या दहा स्क्रूंचा जीव घेतात. सागवानात 8 नंबरसाठी आधी 3 मिमीचं भोक पाडा, मऊ लाकडात 2.5 पुरे. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून त्याच मापाचा लोखंडी आधी पिळून काढा, मग पितळी साबण चोळून घाला. मोजून लागतात त्यापेक्षा चार-पाच स्क्रू जास्तच आणा.

जुने स्क्रू काढायचे असतील, तर टोच्याही काढून ठेवा. खाचेतला ऑइलपेंट आधी खरवडला नाही, तर बिट अर्धवटच बसतं.