प्रबंधाच्या मुद्रितशोधनात मला काय उपयोगी पडलं

शेतकऱ्यांच्या पीककर्जावरचा माझा प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. युनिकोडमध्ये आणल्यावर सगळीकडे ‘शेतकर्यांच्या’ आणि ‘पध्दत’ दिसू लागलं. पानामागून पान वाचूनही हे सुटत होतं, कारण स्वतःचा मजकूर डोळे अर्थानेच वाचतात.

मग मी सलग वाचणं थांबवून एका फेरीत एकच प्रकारची चूक धरली. ‘ध्द’ शोधून ‘द्ध’ करणं सोपं, सगळे एकदम बदलले तरी चालतात. ‘र्या’चं मात्र तसं नाही. सरसकट ‘ऱ्या’ केलं तर ‘पर्याय’, ‘मर्यादा’, ‘कार्यालय’ बिघडतात. म्हणून तिथे एकेक शब्द पाहूनच बदलायचा. वेळ जातो, पण दुसरा सुरक्षित मार्ग मला सापडला नाही.

ऱ्हस्व-दीर्घासाठी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शेजारी ठेवले: 1962 साली 14 होते, 1972मध्ये आणखी 4 आले. संशोधनाच्या भाषेत समास फार, त्यामुळे सर्वांत कामाचा ठरला तो समासाचा नियम. ‘कृषी’ एकटा दीर्घ, पण ‘कृषिधोरण’, ‘कृषिपतपुरवठा’ ऱ्हस्व. तसंच ‘विद्यार्थी’, पण ‘विद्यार्थिसंख्या’. ‘नागरिक’, ‘तरुण’ हे तत्सम शब्दही याच फेरीत तपासले.

शेवटी फोनकडून प्रकरणं मोठ्याने वाचून घेतली. गळलेला ‘नाही’ कानाला लगेच कळतो, आणि निष्कर्षाच्या प्रकरणात तो गळणं सर्वांत घातक. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला कळत नाही, त्यामुळे ती फेरी डोळ्यांनीच, छापील प्रतीवर करावी.