अ‍ॅपला गूगल लॉगिन जोडताना: आधी टेबल, मग बटण

‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण पानावर आणायला फार वेळ लागत नाही. डोकेदुखी नंतर सुरू होते, आणि ती बहुतेकदा डेटाबेसमधली असते. एकाच माणसाची दोन खाती पडतात, किंवा त्याने ईमेल बदलला की जुन्या ऑर्डरी दिसेनाशा होतात. म्हणून सुरुवात टेबलांपासून करू. उदाहरण पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलवर चालणाऱ्या साध्या वेब अ‍ॅपचं घेतलं आहे.

१. ओळखींचं वेगळं टेबल

युजर्स टेबलमध्येच ‘गूगल आयडी’ असा कॉलम वाढवू नका. उद्या फेसबुक आणि परवा अ‍ॅपल आलं की कॉलम वाढतच जातील. त्याऐवजी नवं टेबल करा. त्यात युजरचा आयडी, प्रोव्हायडरचं (लॉगिन देणाऱ्या सेवेचं, उदा. गूगल) नाव, प्रोव्हायडरने दिलेला आयडी, त्या वेळचा ईमेल आणि तारीख एवढं पुरे. प्रोव्हायडर आणि त्याचा आयडी या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा घालू न देणारा नियम) हवाच. तो नसेल आणि कोणी बटण घाईने दोनदा दाबलं, तर दोन रिक्वेस्ट एकदम पोचतात, दोन्हींना ‘युजर नाही’ असंच दिसतं आणि दोन खाती तयार होतात.

हा आयडी गूगलच्या टोकनमध्ये (लॉगिननंतर गूगल देतं त्या सही केलेल्या माहितीत) ‘सब’ या नावाने येतो. तो दिसतो आकड्यासारखा, पण सहसा २१ अंकी असतो आणि बिगइंट या आकड्यांच्या कॉलममध्ये १९-२० अंकांपेक्षा जास्त मावत नाहीत. जावास्क्रिप्टने त्याला नंबर समजलं तर शेवटचे अंक गुपचूप बदलतात. कॉलम २५५ अक्षरांचा व्हारकॅर (मजकुराचा प्रकार) ठेवा. मायएसक्यूएल असेल तर बायनरी कोलेशनचा, म्हणजे लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाईल. पासवर्डच्या कॉलमला नल (रिकामी किंमत) चालू द्या. तिथे खोटा पासवर्ड भरून ठेवण्याची युक्ती पुढे महागात पडते.

२. गूगल क्लाउड कन्सोल

प्रोजेक्ट तयार करा, कन्सेंट स्क्रीन (युजरची परवानगी मागणारं पान) भरा आणि ‘वेब अ‍ॅप्लिकेशन’ प्रकारचा क्लायंट आयडी (गूगलकडची तुमच्या अ‍ॅपची ओळख) घ्या. स्कोप (कोणती माहिती हवी ते) तीनच मागा: ओपनआयडी, ईमेल, प्रोफाइल. रीडायरेक्ट यूआरआय (लॉगिननंतर गूगल युजरला परत पाठवतं तो पत्ता) अक्षरशः जुळावा लागतो. एचटीटीपी की एचटीटीपीएस, शेवटचा स्लॅश, पोर्ट, यातलं काहीही हललं तर ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ ही चूक येते. अ‍ॅप ‘टेस्टिंग’ स्थितीत असेल तर १०० टेस्ट युजरांची मर्यादा आहे. क्लायंट सीक्रेट (क्लायंट आयडीसोबतची गुप्त किल्ली) सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. गिटमध्ये एकदा गेलेलं सीक्रेट फाइल पुसली तरी इतिहासात राहतं. ते बदलूनच टाका.

३. जाणं आणि परत येणं

युजरला गूगलकडे पाठवण्याआधी दोन रँडम स्ट्रिंग बनवून सेशनमध्ये ठेवा: स्टेट (गूगल ती परतताना जशीच्या तशी देतं) आणि नॉन्स (ती टोकनमध्ये परत येते). परत आल्यावर स्टेट जुळली नाही तर तिथेच थांबा. सगळं बरोबर असूनही ती जुळत नसेल तर कुकी तपासा. तिची ‘सेमसाइट’ सेटिंग स्ट्रिक्ट असेल तर गूगलकडून परतताना ब्राउझर ती कुकी पाठवतच नाही, लॅक्स हवी. सुरुवात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वाल्या पत्त्यावरून आणि कॉलबॅक (परत येण्याचा पत्ता) त्याशिवाय, हेही एक नेहमीचं कारण.

परत येताना गूगलकडून मिळालेला कोड सर्व्हरने गूगलला देऊन आयडी टोकन घ्यायचं. कोड एकदाच चालतो. त्यामुळे कॉलबॅकचं काम झालं की लगेच दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट करा, नाहीतर रिफ्रेश मारणाऱ्याला ‘इनव्हॅलिड ग्रँट’ दिसेल. टोकनची सही, ते कोणी दिलं, कोणासाठी दिलं, मुदत आणि नॉन्स हे सगळं तपासा, आणि तेही तयार लायब्ररीने. इथे हातचा कोड लिहिण्यात शहाणपण नाही. ‘कोणासाठी’ ही तपासणी वगळली तर दुसऱ्याच अ‍ॅपसाठी काढलेलं टोकन तुमच्याकडे चालून जाईल. सर्व्हरचं घड्याळ मागे असेल तर चांगलं टोकनही नाकारलं जातं.

४. माणूस कोणता, हे ठरवणं

आधी प्रोव्हायडर आणि ‘सब’ यांवरून शोधा. सापडलं तर लॉगिन द्या, ईमेल बदललेला असला तरी. काहीच सापडलं नाही तर युजर आणि ओळख या दोन्ही रो एकाच ट्रँझॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही) घाला.

खरा धोका मधल्या प्रकारात आहे: ‘सब’ नवा, पण तोच ईमेल युजर्स टेबलमध्ये आधीच हजर. ईमेल जुळला म्हणून खाती आपोआप जोडू नका. समजा कोणी तुमच्या ईमेलने आधीच खातं उघडून स्वतःचा पासवर्ड ठेवला आणि ईमेलची पडताळणी कधी झालीच नाही. तुम्ही नंतर गूगलने आलात आणि खाती जोडली गेली, की त्याचा पासवर्ड तुमच्या खात्यावर चालू राहतो. म्हणून जुन्या खात्याचा ईमेल तुमच्याकडे पडताळलेला आणि टोकनमध्येही ‘व्हेरिफाइड’ असेल तरच जोडणीचा विचार करा, आणि तेव्हाही जुना पासवर्ड एकदा विचारा. लॉगिन असलेल्या युजरला सेटिंग्जमधून गूगल जोडू देणं सर्वांत सुरक्षित.

लॉगिन झालं की सेशन आयडी नवा द्या. फक्त लॉगिनच हवं असेल तर अ‍ॅक्सेस टोकन (युजरच्या वतीने गूगलकडून माहिती मागायची किल्ली) साठवायची गरजच नाही.

५. दुसरा प्रोव्हायडर आला की

फेसबुकवर मोबाइल नंबरने खातं उघडलेल्यांचा ईमेल मिळेलच असं नाही, तेव्हा ईमेलच्या कॉलमवर ‘नॉट नल’ असेल तर तिथे इन्सर्ट फुटेल. शिवाय फेसबुकचा आयडी अ‍ॅपगणिक वेगळा असतो. अ‍ॅपल नाव फक्त पहिल्या वेळी देतं. तेव्हाच जपून ठेवा. मोबाइल अ‍ॅपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये (तिथेच वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत) गूगल लॉगिन अडवतं, तिथे सिस्टिमचा ब्राउझर उघडा. आणि ‘गूगल काढून टाका’ हे बटण देणार असाल, तर पासवर्ड किंवा दुसरी ओळख शिल्लक आहे का ते आधी मोजा. नसेल तर बटण बंद ठेवा.