बी.कॉम. पुण्याचं, भरती न्यूयॉर्क पोलिसांत

तेव्हा न्यूयॉर्क पोलिसांत शिरायला कॉलेजचे ६० क्रेडिट, म्हणजे विषय पास केल्यावर मिळणारे अभ्यासाचे एकक, लागत. (२०२५ पासून २४ पुरतात. आमच्या वेळी नव्हतं बुवा!) माझ्याकडे पुण्याची तीन वर्षांची बी.कॉम. म्हटलं, पदवी आहे, झालं काम.

अडलं तिथेच. मी पैसे वाचवायला एका संस्थेकडून पदवीचं साधं मूल्यमापन (अमेरिकी शिक्षणाशी तुलना) करून घेतलं होतं. त्यात 'तीन वर्षांचं पदवी शिक्षण' एवढंच लिहिलेलं. क्रेडिटचा पत्ताच नाही. अर्ज परत.

मग शहराच्या मान्य यादीतली दुसरी संस्था गाठली आणि विषयवार अहवाल मागितला. त्यात प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि श्रेणी येते. श्रेणींची सरासरीही बघतात, ४ पैकी किमान २.० लागते. या संस्थेला ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत दाखला) विद्यापीठाकडून सीलबंदच हवं होतं, माझ्याकडची प्रत नको. मावसभावाने खिडकीवर तीन खेपा घातल्या, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. अहवालात क्रेडिट साठाच्या बरेच वर निघाले. चार वर्षांच्या अमेरिकी पदवीशी बरोबरी झाली नाही, पण इथे तिची गरजच नव्हती.

अमेरिकी नागरिकत्व मात्र नेमणुकीच्या दिवशी हातात लागतं. माझी नागरिकत्वाची शपथ त्याआधी दोन महिने झाली होती.