धार्मिकांनी दूर लोटलेल्यांना मंडळीत सामावून कसे घ्यावे

ज्याला एकदा अपमान करून ख्रिस्ती मंडळीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, काढले गेले, तो दारावरचा 'सर्वांचे स्वागत' हा फलक वाचून परत येत नाही. म्हणून पहिले पाऊल मंडळीनेच उचलावे. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात, दृष्टी मिळालेल्या जन्मांधाला धर्मपुढाऱ्यांनी घालवून दिल्याचे ऐकल्यावर येशूने स्वतः त्याला गाठले. आपल्या मंडळीत कोणाची नावे हलक्या आवाजात घेतली जातात, ते आधी आठवून पाहावे: घटस्फोट झालेली स्त्री, तुरुंगातून सुटलेला तरुण, व्यसनी, तृतीयपंथी. त्यांच्याकडे एकदोघांनीच जावे. पाचसहा वडीलधारे एकदम दारात उभे राहिले तर ती चौकशी वाटते.

शक्य असेल तर त्यांच्या घरी जेवावे. जकातदारांचा मुख्य असलेल्या जक्कयाकडे येशू स्वतःहून उतरला. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे त्याचे वचन नंतर आले. ती येशूने आत येण्यासाठी घातलेली अट नव्हती. हा क्रम उलटा केला की स्वागताची परीक्षा होते. पहिल्या भेटीत उपदेश करू नये, पत्रके देऊ नयेत, त्यांचे म्हणणे ऐकावे. मंडळीकडून अन्याय झाला असेल तर स्पष्टीकरण न जोडता क्षमा मागावी.

ते उपासनेला आले की कोठे बसतात, याकडे लक्ष द्यावे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्रातल्याला पायांशी जागा देणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. ओळखीच्या एखाद्या कुटुंबाने त्यांना आपल्या बाकावर बसवावे. मात्र उभे करून ओळख करून देऊ नये आणि साक्ष देण्याचा, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सर्वांसमोर सांगण्याचा, आग्रह धरू नये, कारण त्यांचे पूर्वायुष्य ही मंडळीच्या प्रदर्शनाची वस्तू नव्हे. प्रार्थनासभेतही सांभाळावे, 'प्रार्थना करा' म्हणत दुसऱ्याची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आणण्यात पुष्कळ धार्मिक माणसे तरबेज असतात.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घेतली जाणारी भाकर व द्राक्षारस, कोणी घ्यावे, सेवेचे पद कोणाला द्यावे, याविषयी निरनिराळ्या मंडळ्यांचे नियम निरनिराळे आहेत. आपल्या मंडळीचा जो नियम असेल तो पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) त्यांना आधीच, एकांतात आणि स्पष्टपणे सांगावा. भर उपासनेत वेदीपाशी नकार ऐकणे फार क्रूर असते.

एक मर्यादा मात्र सोडू नये. ज्याने मुलांवर अत्याचार केले आहेत, त्याने पश्चात्ताप केला तरी त्याच्या हाती मुलांची जबाबदारी कधीही देऊ नये, आणि पीडितांवर समेटाचा दबाव आणू नये.

कुरकुर होणारच. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र विदेश्यांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे, पण यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे येताच त्यांच्या भीतीने तो मागे सरला, आणि प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमोर विरोध केला. म्हणून पहिली भेट ठरवण्यापूर्वीच पाळक आणि वडील मंडळाने एकत्र बसून, नाराज सभासदांना कोण उत्तर देईल आणि कोणी वर्गणी थांबवण्याची धमकी दिली तर काय करायचे, याचा निर्णय लिहून ठेवावा.