लांब उडीवाल्याला किकर कसं बनवायचं

रग्बीला किकर, म्हणजे लाथेनं चेंडू दोन खांबांमधून काढणारा गडी, हवा असेल तर लांब उडीच्या खड्ड्यापाशी उभे राहा. राळेगावकडे पोट्ट्यांना खेळवताना मी तेच करतो. पळत येऊन नेमक्या फळीवर पाय टाकायचं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं, आणि किकचं निम्मं काम तेच आहे.

नॉर्वेचा यान स्टेनेरुड अमेरिकेत मोंटाना स्टेट विद्यापीठात गेला तो स्की-जंपिंगच्या, म्हणजे बर्फावर पायाला पट्ट्या बांधून मारायच्या लांब उडीच्या, शिष्यवृत्तीवर. झाला अमेरिकन फुटबॉलचा किकर! १९६५ साली त्यानं ५९ यार्डांवरून, म्हणजे जवळपास ५४ मीटरवरून, चेंडू खांबांमधून काढला. १९९१ मध्ये तो प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्या खेळातल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला.

आपण मात्र रग्बीचं बघू. तिथल्या कॉलेज-फुटबॉलचे खांब एकमेकांपासून साडेअठरा फुटांवर, आडवी दांडी दहा फूट उंच, रग्बीत ५.६ मीटर आणि ३ मीटर. फरक नसल्यातच जमा. सोयाबीन निघालं की वावरात दोन बांबू गाडा, वर सुतळी ताणा. धसकटं आधी उपटून घ्या, बुटाच्या तळातून आरपार घुसतात.

टी, म्हणजे चेंडू उभा ठेवायची बैठक, नसेल तर ओल्या मातीची मूठभर ढेकळी करून त्यावर चेंडू उभा करा. उजव्या पायाचा पोट्टा असेल तर चेंडूमागे सरळ तीन पावलं, मग डावीकडे दोन. आता चेंडू काढून घ्या. डावा पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर पडायला हवा. तिथं राखेनं खूण करा आणि त्याला नुसतं पळवा. पाय खुणेवर बसेस्तोवर चेंडू द्यायचा नाही. पोट्टे कंटाळतात, कुरकुरतात, कुरकुरू द्या. मग घोटा ताठ, नजर चेंडूवर, आणि मारून झाल्यावरही मान खाली. चेंडू डावीकडे पळत असेल तर मारणाऱ्या पायाला दोष देण्याआधी डाव्या पायाचा अंगठा कुठं रोखलाय ते बघा.

सात जणांच्या रग्बीत टी चालत नाही, ड्रॉप किक लागते: चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला लागून उसळताच मारायचा. काळी माती भेगाळली की चेंडू कुठंही उडतो, म्हणून हा सराव शाळेच्या कडक मैदानावरच घ्या. मे महिन्यात पहाटे, उन्हं तापायच्या आत.

आपले पोट्टे कबड्डीही खेळतात. कबड्डीच्या दिवशी किक नको. चढाईत जांघ आधीच ताणलेली असते. जांघेत ओढ लागली तर तेल चोळून, पट्टी बांधून पुन्हा उभं करणारे सर आपल्यात कमी नाहीत. त्यांचं ऐकू नका, सरळ विश्रांती द्या.

घरचे म्हणतील, "एकच खेळ धर न बापा." स्पर्धांच्या तारखा एकमेकींवर आल्याच, तर कबड्डी सोडवा. उडी ठेवा, तिनं पावलाचं माप टिकतं.